सिलतरा रोडवरच्या दोन वर्ल्ड चॅम्पियन

आमच्या बॉक्सिंग हॉलच्या गोष्टी म्हणजे हाताच्या पट्ट्या आहेत बाप्पा! पोट्ट्या ग्लव्हजच्या आत बांधतात ना, त्या लांबलचक कापडी पट्ट्या. रोज धुवा, वाळवा, गुंडाळून ठेवा, अन् सकाळी पाहा तर पुन्हा ढीग तयार!

धुवाचं काम माह्याकडं. कोणी दिलं नाही, मीच घेतलं. माही नात पल्लवी तिथं मुक्के खाते, तर मी घरी बसून काय करू? पाहून भीती वाटते, अन् नाही पाहिलं तर जास्त वाटते.

हॉल म्हणजे बीरगांवातलं जुनं गोडाऊन. कोच साहू भैया. पहिल्याच दिवशी मी त्याच्या ग्लव्हजमधी भिजवलेले चणे भरून ठेवले. हात घातला अन् ओरडला, "अम्मा, इसमें कुछ जिंदा है!"

शाळा माही चौथीतच सुटली, पण सही एकदम झोकात करते. पल्लवीच्या हाताचं प्लास्टर, बोटाचं प्लास्टर, सगळ्यावर माही सही आहे. साहू म्हणते, "अम्मा, कलेक्टर लगती हो!"

*

पल्लवी वर्ल्ड चॅम्पियन आहे. हसू नका! लाल बेल्ट आहे तिच्यापाशी. अन् सिलतऱ्याची सरिता, तीपण वर्ल्ड चॅम्पियन. त्याच वजनात. तिच्यापाशी काळा बेल्ट. दोघींच्या मधात एक रोड अन् स्पंज आयर्नचे कारखाने!

शेजारीण मले विचारते, "काकू, दुनिया एक, तर चॅम्पियन दोन काहून?"

मी म्हणलं, "आपल्या मोहल्ल्यात गणपती किती बसतात? प्रत्येक मंडळाचा 'राजा'च आहे की नाही?"

"हव."

"मग एका तरी मंडळात जाऊन सांग, तुमचा राजा नाही म्हणून!"

तसंच आहे. लाल बेल्टची कमिटी वेगळी, काळ्याची वेगळी. बाहेरच्या देशात अजून किती रंगाचे बेल्ट आहेत, देवाले माहीत.

पल्लवी म्हणते, "आजी, दोन चॅम्पियन म्हणजे एकही नाही. मले दोन्ही बेल्ट पाहिजे."

तिले बेल्ट पाहिजे. मले तिचं डोकं पाहिजे, जसं आहे तसं.

*

डोकं काहून म्हणता? मीनाचं सांगते.

मीना आमच्याच हॉलची. सरितानं काळा बेल्ट जिंकला तो हिलेच हरवून. त्याले बरेच महिने झाले होते, तवापासून ती रिंगमधी उतरलीच नव्हती. एक दिवस आली, माह्याजवळ बसली, अन् म्हणे, "अम्मा, मेरी फाइट कब है?"

मले वाटलं, पोट्टी माही मस्करी माह्यावरच करून राहिली! मी म्हणलं, "कल है. लाल साड़ी पहन के आना!"

तिनं मान हलवली. उठली, साहूपाशी गेली अन् म्हणे, "सर, कल के लिए लाल साड़ी चाहिए."

त्या दिवसापासून मी कोणाले 'कल है' म्हणत नाही.

*

दोन्ही बेल्ट एकाच लढाईत लावायचे म्हणून दोन्ही कमिट्या एकदा हॉलमधी बसल्या. सकाळपासून भांडण! रिंगच्या मधात कोणाचं निशाण? लाल. नाही, काळं. ग्लव्हज कोणत्या कंपनीचे? नाव आधी कोणाचं घ्यायचं?

वरतून लालवाले म्हणतात, "पल्लवीले आधी आमचा नंबर एकचा चॅलेंजर लढावा लागेल, नाही तर बेल्ट काढून घेऊ." म्हणजे सरितासंग लढायले जावं तर बेल्टच जाते, अन् बेल्ट गेला तर सरितासंग लढून दोनाचे एक काय करणार, कपाळ?

मी चहा आणला. दोन्ही साहेबांच्या मधात एकच कप ठेवला.

"अम्मा, एक ही?"

"हव. आधी हे तर ठरवा, कोण पिणार!"

चहा थंडा झाला. साय आली. कोणी हात लावला नाही! मी मनात म्हणलं, अस्संच भांडत राहा रे देवांनो.

*

पण एकदा तारीख निघाली. लालवाले म्हणे, वजन आदल्या दिवशी. काळेवाले म्हणे, आमच्यात लढाईच्या सकाळी पुन्हा करावं लागते. म्हणजे वजन उतरवाले पोट्टीनं दोन दिवस पाण्याविना सुकायचं!

पल्लवी अंगात प्लास्टिकचा सूट घालून पळून राहिली. ओठ फाटले. थुंकीपण येईना. मी पट्ट्या धुवत होती, तर जवळ आली अन् हळूच म्हणे, "आजी, नळ बंद कर. आवाज ऐकू येऊन राहिला."

मी नळ बंद केला. माहे हात साबणातच राहिले.

तेवढ्यात साहूचा फोन वाजला. "तारीख कैंसल! काले वाले नहीं मान रहे!"

पल्लवीनं पट्ट्यांची बादली उचलली अन् तोंडाले लावली. साबणासकट! मी बादली ओढून राहिली, ती सोडेना. सारे हसून राहिले. मीपण हसली. रडू दिसू नाही म्हणून.

*

मग मी महामायेच्या मंदिरात गेली. म्हणलं, "माय, या कमिट्या कधीच जुळू देऊ नको."

बाजूले एक बाई डोळे मिटून केव्हाची पुटपुटून राहिली. मले राहवलं नाही. "क्यों दीदी, पूरा बाजार माँग रही हो क्या?"

तिनं डोळे उघडले. "बेटी बॉक्सर है. सिलतरा से आई हूँ."

सरिताची माय! बारावी पास, कारखान्याच्या ऑफिसात काम करते. तिनंपण मले ओळखलं.

"क्या माँगा?" मी.

"पहले तुम बताओ."

दोघींचं एकच निघालं! तिनं आपल्या हातातला नारळ फोडला, अर्धा मले दिला. म्हणे, "एक ही बात के लिए दो क्या फोड़ना."

निघताना बोलली, "मेरी वाली आजकल एक ही बात दो-दो बार पूछती है."

मी म्हणलं, "ये उमर की पोट्टियाँ ऐसीच रहती हैं."

तिनं माह्याकडं पाहिलं. मग आपला अर्धा नारळ पिशवीत टाकला.

*

देवीनं काही ऐकलं नाही. लढाई ठरली. तेलीबांध्याच्या मोठ्या हॉलमधी, दोन्ही बेल्ट टेबलावर, बाहेर ढोल!

दोन्ही कमिट्यांचं साऱ्या दुनियेत एकाच गोष्टीवर जुळलं होतं. बॉक्सरचे हात बांधतात तेव्हा समोरच्या पार्टीचं माणूस तिथं बसून पाहणार, आत काही लपवलं तर नाही. अन् बांधून झालं की पट्टीवर सही करणार. सही नाही, तर ग्लव्हज नाही. कोच लोक भांडतात, म्हणून घरचंच माणूस पाठवा म्हणे.

तर मी सरिताच्या खोलीत. अन् तिची माय पल्लवीच्या खोलीत.

सरिताले पाहिलं. काय ते खांदे! पण हात पुढं केले तर बोटं लहान पोट्टीसारखी. तिच्या कोचनं पट्टी बांधली, वरतून चिकटपट्टी लावली. साफ काम. लपवलेलं काही नाही.

कमिटीवाल्यानं पेन दिला. "अम्मा, साइन."

पेन टेकवला, तेवढ्यात सरिता माह्याकडं पाहून हसली. लई गोड.

"अम्मा, मेरी फाइट कब है?"

सारी खोली हसली. तिचा कोच म्हणे, "देखा? शेरनी को टेंशन ही नहीं!"

मी पेन परत दिला.

"मले सही येत नाही, बेटा. अडाणी आहे मी."

"अरे! तो अंगूठा लगाओ!"

"लावते ना. शाई आण."

"शाई? यहाँ शाई कहाँ से लाऊँ?"

तो दरवाजाकडं पळाला, तर तिकडून दुसरा कमिटीवाला घामाघूम पळत आला, पल्लवीच्या खोलीतून.

"सर, स्याही है क्या? उधर सरिता की मम्मी बोल रही है, उसको साइन करना नहीं आता!"