टोपीच्या खोक्यातला छोटा माणूस

इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोकला आम्ही घर घेतलं तेव्हा शेजारी एक म्हातारा इंग्रज गृहस्थ एकटाच राहायचा. तरुणपणी तो अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात, एका खाणकंपनीसाठी जमिनीची मोजणी करत हिंडला होता. कुंपणापाशी उभा राहून तो तिथल्या गोष्टी सांगायचा. डोंगराच्या कडेने चालत जाणारा दिवा, ज्याच्याजवळ कुणालाच पोचता येत नाही. वाळूत रुतलेलं जहाज. रिकाम्या बाटल्यांच्या घरात राहणारा एक माणूस, जो आपल्या गाढविणीला बायको म्हणायचा आणि तिच्याशी भांडण झालं की बाहेर झोपायचा. सांगण्याची हातोटी होती त्याच्याकडे. कपडे वाळत घालता घालता मी ऐकत राहायचे.

पुढच्या ख्रिसमसला त्याने आम्हाला जेवायला बोलावलं. आमच्या रस्त्यावरची आणखी दोन जोडपी होती. माझी मुलगी तेव्हा चार महिन्यांची. ती शेजारच्या खोलीत प्रॅममध्ये झोपली होती. क्रॅकरच्या कागदी नळ्या दोन्ही टोकांनी ओढून फोडून झाल्या, त्यातून निघालेले कागदी मुकुट सगळ्यांनी डोक्यावर चढवले. कस्टर्डचा जग फिरत असताना म्हातारा उठला आणि टोपी ठेवायचं एक गोल खोकं घेऊन आला.

"वाळवंटातली छोटी माणसं," तो म्हणाला. "गुहेत राहायची. उभी राहिली तरी तुमच्या गुडघ्याएवढी. तिकडचे लोक अजून घाबरतात त्यांना."

टिश्यूपेपर बाजूला सारून त्याने आतलं ते बाहेर काढून टेबलावर ठेवलं, ब्रँडी सॉसच्या भांड्याला लागून. काळपट, चामड्यासारखं आक्रसलेलं, गुडघे पोटाशी घेतलेलं. एका शेजारणीने स्वतःचा मुकुट काढून त्याला घातला. तो मोठा झाला आणि घसरून गळ्यात आला. सगळे हसले.

मला त्याची बोटं दिसली. बोटांना नखं होती.

"हे बाळ आहे," मी म्हणाले.

"सगळ्यांना आधी तसंच वाटतं," म्हातारा खुशीत म्हणाला.

"कुठून आणलंत?"

"गुहेतून. गवताच्या चटईत गुंडाळून ठेवलेलं होतं. चटईत किडे झाले होते, टाकून दिली."

मी बाथरूममध्ये जाऊन ओकले. परत आले तर चीजची प्लेट आली होती आणि ते तिथेच होतं. एक गृहस्थ चमच्याच्या दांड्याने त्याचा गुडघा उचलून, पुरुष आहे की बाई, ते बघत होता. मग तोच चमचा त्याने चटणीच्या बरणीत घातला.

"आत्ता नको, घरी गेल्यावर बोलू," नवरा मराठीत पुटपुटला. त्या क्षणी मला त्याचीही शिसारी आली. मुलीला उचललं आणि घरी आले.

माझ्या पणजोबांची प्रेतयात्रा गावाने रस्त्यावरून जाऊ दिली नव्हती. ओढ्यातून, कमरेएवढ्या पाण्यातून नेली. नागपूरला आमच्या घरी ही गोष्ट फार बोलली जायची नाही, पण सगळ्यांना माहीत होती. ते बाळही कुणीतरी चटईत बांधून, चढण चढून, गुहेत नेऊन ठेवलं असणार. ते मनातून जाईना. म्हाताऱ्याने दाराशी आणून ठेवलेले मिन्स पाय, ख्रिसमसच्या त्या सुकामेव्याच्या कचोऱ्या, मी तसेच खरकट्याच्या बिनमध्ये टाकले.

आमच्या बुद्धविहारातली एक मैत्रीण केंब्रिजला म्युझियममध्ये काम करते. तिला फोन केला. "अशी माणसं आम्ही परत पाठवतो," ती म्हणाली. "पण त्याने द्यायला हवं. हिसकावून नाही घेता येत."

मी म्हाताऱ्याकडे गेले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"इतकी वर्षं माझ्याजवळ आहे तो," तो म्हणाला. "आता कुणाला हवाय?"

"त्याच्या लोकांना."

"ते मेले गं सगळे," असं म्हणून त्याने चहा विचारला. मी घेतला नाही. त्यानंतर कुंपणापाशी थांबणं मी सोडलं.

दोन वर्षांनी तो गेला. फ्युनरलनंतर पबमध्ये त्याच्या आठवणी निघाल्या. मुकुटाची गोष्ट कुणीतरी रंगवून सांगितली आणि लोक डोळे पुसत हसले. त्याची मुलगी हसली नाही. ती बाहेर कार पार्कमध्ये गेली, तशी मी तिच्यामागे गेले आणि सगळं सांगितलं.

"लहानपणी ते माझ्या कपाटावर असायचं," ती म्हणाली. "मी भिंतीकडे तोंड करून झोपायचे. न्या तुम्ही. आजच न्या."

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने सुट्टी घेतली आणि गाडी काढली. केंब्रिजपर्यंत खोकं माझ्या मांडीवर होतं. मैत्रिणीने दोन्ही हात पुढे करून ते घेतलं, आत नेलं, आणि बऱ्याच वेळाने बाहेर आली. तिचे डोळे लाल होते. "बाळच आहे," ती म्हणाली. "कुणाचं ते शोधायला वेळ लागेल. पण शोधू."

अजून शोध चालू आहे. म्हाताऱ्याचं घर विकलं गेलं त्या आठवड्यात चमचावाल्या गृहस्थाने आमची बेल वाजवली.

"तो छोटा माणूस कुणाकडे गेला, माहितीये का? पबवाले म्हणतायत, बारमागे काचेच्या पेटीत ठेवू. म्हाताऱ्याची आठवण."

"तो घरी चाललाय," मी म्हणाले.

"अरेरे," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. मी दार लावून घेतलं.