चिखलीची वाकळ आणि माझी कात्री

कुसुमच्या यजमानांची मोटार पुण्याहून निघाली तेव्हा सात वाजून गेले होते. ठरलं होतं सहाचं. पण कुसुम आणि मालू या दोघींना मुलं सासूबाईंच्या हवाली करायची होती. मला मूलबाळ नाही, त्यामुळे अशा वेळी मी सगळ्यांच्या आधी तयार असते आणि उशीर झाल्याबद्दल बोलायलाही मोकळी असते.

तळेगावच्या महिला मंडळानं गोधड्यांचं प्रदर्शन भरवलं होतं, उत्तम गोधडीला बक्षीसही होतं. वाटेतल्या गावांतून चांगल्या गोधड्या जमवून न्यायचं काम आम्ही आपणहून अंगावर घेतलं होतं. कुसुम मोटार चालवणार, मालू ओळखी काढणार आणि मी टाके पाहणार. दुसऱ्याच्या शिवणातली चूक मला चटकन दिसते, याचा तेव्हा मला फार अभिमान होता.

भोसरीपर्यंत दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. भोसरीत गोधडी कुणी दिली नाही. गुळाचा चहा मात्र तीन घरी पाजला. तिथून कच्च्या रस्त्यानं चिखलीला वळलो. मालूनं तिथल्या शाळेत दोन वर्षं शिकवलं होतं. तिच्या ओळखीच्या भागामावशींनी फडताळातून एक लहानशी वाकळ (जुन्या लुगड्यांची गोधडी) काढली आणि तिच्यात मला एकही चूक सापडेना. तांबडे-हिरवे तुकडे, आणि त्यांवर मुंग्यांच्या रांगेसारखा बारीक धावदोरा.

"देते, पर उद्या सांजच्याला (संध्याकाळी) परत आणा, बाई," मावशी म्हणाल्या. "लेकीचे दिस भरत आल्यात. पयलं प्वार ऱ्हायलं न्हाई तिचं. आता येईल त्याला ह्याच वाकळंत घ्यायचं हाय."

त्यांची लेक हौसा दाराशी पोटावर हात ठेवून उभी होती. मी तिच्याकडे पाहून शब्द दिला.

मोशीला इंद्रायणीपाशी मोटार तापली. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन डबे रिकामे केले आणि त्याच डब्यांनी नदीचं पाणी आणून मोटारीला पाजलं. "हिला चटणी सोसेल ना गं?" मालूनं विचारलं. त्यानंतर दोन मैल कुसुम बोलली नाही. चाकणच्या बाजारात कांद्याच्या ढिगांपलीकडे जुनी लुगडी विकणाऱ्या बायका बसल्या होत्या. त्यांच्या ओळखीनं आणखी दोन गोधड्या मिळाल्या आणि दिवस मावळता मावळता आम्ही तळेगावला कुसुमच्या आत्याबाईंकडे पोचलो.

सकाळी वाकळेवरून हात फिरवताना कोपऱ्यात काहीतरी टोचलं. खडा असणार, मला वाटलं. परीक्षकांच्या हाताला लागला तर बक्षीस गेलंच.

"राहू दे, आपली वस्तू नाही," मालू म्हणाली.

ऐकते कोण? मी कात्रीनं चार टाके उसवले. आतून एक वाळका तपकिरी तुकडा निघाला. तो अंगणात टाकला, तर आत्याबाईंच्या कोंबडीनं लगेच उचलला. मी पुन्हा टाके घातले, ते इतके हुबेहूब जमले की माझी मीच खूश झाले.

वाकळेला पहिलं बक्षीस मिळालं, पितळेचा तांब्या. देहूरोडवरून परतताना मी तो मांडीवर घेऊन बसले होते, जणू मलाच मिळाला होता.

चिखलीला मावशींनी तांब्याकडे पाहिलंही नाही. त्यांची बोटं सरळ वाकळेच्या कोपऱ्याकडे गेली आणि तिथेच थांबली.

"घास कुठं गेला?"

"कसला घास?"

"वाकळ शिवून झाली की तिच्या पोटात गूळ-भाकरीचा घास घालत्यात. उपाशी वाकळंखाली लेकरू कसं निजंल?"

हौसा आईजवळ येऊन बसली आणि तिनंही तो कोपरा चाचपून पाहिला. मला खोटं बोलता आलं असतं. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून जीभ रेटेना. "मावशी, मी काढला. मला खडा वाटला. कोंबडीनं खाल्ला." अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगीच नाही.

मावशींनी वाकळ हौसापुढे ठेवली. मग म्हणाल्या, "कुनाच्या तरी पोटातच गेला म्हना." त्या उठून आत गेल्या आणि गूळ लावलेला भाकरीचा तुकडा घेऊन आल्या. तो त्यांनी माझ्यापुढे धरला. "उसवलं तुमी, आता तुमीच घाला."

"मावशी, मला मूल नाही. हे लेकुरवाळीनं करायचं असेल."

कुसुम आणि मालू खाली पाहू लागल्या. हौसानं वाकळ ओढून माझ्या मांडीवर ठेवली.

"पयल्या वाकळंत म्या माज्या हातानं घास घातला हुता, बाई," ती म्हणाली. "त्यो न्हाई लागू पडला. आता तुमचा हात लागू द्या."

मी माझेच चार टाके उसवून घास आत घातला आणि पुन्हा टाके घालू लागले. माझे टाके आयुष्यात पहिल्यांदा वाकडे पडले. ते मी तसेच राहू दिले.

पिंपरीला नव्या कारखान्याची पाळी सुटली होती आणि सायकलींची रांग लागली होती. मोटार थांबवून कुसुमनं विचारलं, "रडतेस का गं?" मी हो म्हणाले. माझ्या हातानं कुणाच्या बाळाचं शुभ व्हावं असं आजवर कुणाला वाटलं नव्हतं, मलाही नाही.

चार महिन्यांनी मालूकडे निरोप आला. हौसाला मुलगी झाली होती. पोर बाळसेदार आहे, वाकळेशिवाय निजत नाही, आणि तिचा एकच कोपरा चोखून चोखून ओला करते, म्हणे. कोणता कोपरा, हे मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं.