पाण्यात सोडलेली थाळी

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. नर्सिंगला असताना होस्टेलच्या मुली असलं काही सांगायला लागल्या की मी सरळ पांघरूण ओढून झोपायचे. आज हे लिहितेय तेही तुम्हाला घाबरवायला नाही. मला राग आलाय, म्हणून लिहितेय.

हिंगोली जिल्हा, कळमनुरी तालुका. धरण भरलं की माझ्या उपकेंद्राच्या हद्दीतला एक तांडा चारी बाजूंनी पाण्यात जातो... अक्षरशः बेट. मोबाईलला रेंज नाही. सरकारी बोट मागून मागून आम्ही थकलो. येण्याजाण्याला मासेमारी करणाऱ्या दत्तरावांचा तराफा, तोही अलीकडच्या काठाला. त्यामुळे कुणी अडलं-नडलं की तांड्यावरचे लोक पलीकडच्या काठावर येऊन पितळी थाळी बडवायचे. पाण्यावरून तो आवाज थेट उपकेंद्रात यायचा.

गेल्या पावसाळ्यात तांड्यावरची शांता बाळंतपणात अडली. सासूनं थाळी बडवली, पण वादळात तराफा काही निघेना. शांता गेली, पोटातलं लेकरूही गेलं. बोट असती तर दोघंही आज असती, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. तांड्यानं मात्र दोष थाळीला दिला. अपशकुनी म्हणून ती पाण्यात सोडली आणि पुन्हा कुणी थाळी वाजवायची नाही असं ठरवलं. तेव्हापासून ते काठावरून लुगडं हलवतात. एवढ्या लांबून ते कुणाला दिसणार?

यंदा भाद्रपदात, भर दुपारी, मी लसींचा डबा आवरत होते आणि थाळी ऐकू आली. घाईघाईची, न थांबणारी. धावत काठावर गेले तर दत्तराव निवांत जाळं शिवत बसलेले.

“मला तं काईच ऐकू येऊन न्हाई राहिलं, सिस्टर.”

माझ्या कानात तर ती घुमत होती! रागावूनच त्यांना तराफा काढायला लावला. पलीकडचा काठ लागला आणि आवाज बंद झाला.

समोर शांताची सासू, हातात लुगडं. तिची धाकटी सून सकाळपासून अडलेली — बाळ पायाळू. तिला तराफ्यावर घालून अलीकडे आणलं, गाडी करून तालुक्याला नेलं. ती आणि तिची पोरगी, दोघी वाचल्या. नंतर मी सासूला विचारलं, थाळी कुणी वाजवली?

“थाळी हाय कुठं आमच्याकडं, बाई? शांतीच्या मागं पाण्यात सोडली न्हाई का आमी.”

गणपतीचे दिवस, कुठेतरी वाजत असेल, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. पण मग दत्तरावांना का ऐकू आलं नाही?

तालुक्याच्या पुढच्या मीटिंगमध्ये मी पुन्हा बोटीचा विषय काढला. थाळीची गोष्ट दत्तरावांनी तोवर गावभर केली होती. साहेब चहा पीत हसले. “आता कशाला बोटीची घाई, सिस्टर? तुमची शांताबाई आहेच की बोलवायला.” सगळे हसले.

ती थाळी कुणी वाजवली, मला आजही सांगता येत नाही. तांड्यावर आता शांताच्या नावानं काठावर नारळ फोडतात. मी जात नाही. जिवंतपणी जिच्यासाठी कुणी आलं नाही, तिला मेल्यावर तरी ड्युटीला लावू नका. बोट द्या.