गल्लीतला स्वच्छ बोर्ड

ती घटना आठवली की आजही मी खुर्चीवरून उठतो आणि खोलीत फेऱ्या मारू लागतो. खून नव्हता, दरोडा नव्हता. लालबागच्या एका गल्लीत ‘नो पार्किंग’च्या बोर्डाखाली लावलेली एक स्कूटर होती. पण एवढ्या वर्षांच्या नोकरीत दुसऱ्या कोणत्याही गुन्ह्याने मला इतके अस्वस्थ केले नाही.

मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. सकाळची हजेरी संपत होती, तेवढ्यात वाहतूक शाखेचा एक हवालदार एका तरुणीला घेऊन आला. ती परळच्या एका रुग्णालयात परिचारिका. रात्रपाळी संपवून घरी आली, चाळीखाली स्कूटर लावली आणि चहा टाकते न टाकते तोच खाली टोइंगची गाडी आली. याआधी तीनदा तिची स्कूटर तिथूनच उचलली होती. पहिल्या वेळी पाचशे दंड, नंतर दर वेळी पंधराशे, वर उचलण्याचा खर्च. या वेळी ती धावत खाली आली आणि स्कूटरला धरून उभी राहिली. मालक हजर असेल तर जागेवर दंड करून गाडी सोडायची असते. ते झाले नाही. ओढाताणीत हवालदाराच्या हातातले ई-चलनाचे यंत्र पडून फुटले. त्याने फिर्याद दिली. सरकारी कामात अडथळा, कलम ३५३. मी गुन्हा दाखल करून घेतला. अटक टाळली आणि नोटीस दिली.

नोटिशीवर सही करताना तिचा हात थांबला. “साहेब, पंधरा दिवसांत मला कायम करतायत. सहा वर्षं कंत्राटावर काढली. चारित्र्य पडताळणीचा कागद तुमच्याच ठाण्यात येणार. त्यावर हा गुन्हा दिसला की ऑर्डर गेली.”

मी तिला ठरलेले उत्तर दिले: तपासात काय ते निष्पन्न होईल.

दुसऱ्या दिवशी घटनास्थळाचा पंचनामा केला. पंचांपैकी एक चाळीतले वृद्ध गिरणी कामगार होते. त्यांनी निमूटपणे सही केली आणि मग मला बाजूला घेतले. “सायबानू, सही केलंय मी. पण ह्यो बोर्ड आदी नव्हतो. हयसर चाळीतली पोरां गाडये लावीत.”

मी प्रथमच त्या बोर्डाकडे नीट पाहिले. गल्लीतल्या बाकी सगळ्या बोर्डांवर वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि ढेकूण मारणाऱ्यांचे फोन नंबर चिकटलेले. हा एकच बोर्ड लखलखीत. आपल्या शहरात कोणाचा तरी फायदा असल्याशिवाय बोर्ड स्वच्छ राहत नाही. त्याच्या खाली खांबाला स्क्रूची दोन रिकामी भोके होती, आणि बरोबर समोर, गिरणीच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या टॉवरचे मागचे फाटक.

सर्वसामान्य माणसाला वाटते, बोर्ड दिसला की कायदा झाला. तसे नसते. कायमस्वरूपी नो पार्किंगच्या मागे वाहतूक शाखेची अधिसूचना असावी लागते. ती नसेल तर तो नुसता रंगवलेला पत्रा. मी लेखी विचारणा केली. उत्तर आले: सदर गल्लीबाबत अधिसूचना नाही.

टॉवरच्या सुरक्षा पर्यवेक्षकाला बोलावले. बोर्ड कोणी लावला, या प्रश्नाची तयारी करून तो आला होता. अशा माणसाला तो प्रश्न विचारायचा नसतो. मी चहा मागवला, फाटकाच्या वेळा विचारल्या, गावाकडची चौकशी केली. मग सहज विचारले, बोर्ड पुसतो कोण? दर सोमवारी आमचाच माणूस, असे तो म्हणाला आणि त्याने कप खाली ठेवला. पुढचे त्याने न विचारताच सांगितले.

“साहेब, बोर्ड आम्ही नाही लावला, देवाशपथ. तुमच्याच खात्याचा आहे. आम्ही फक्त खालची पट्टी काढली.”

ती पट्टी टॉवरच्या भंगारखोलीत सापडली. पंचांसमक्ष जप्त केली. त्यावर लिहिले होते: ‘गणेशोत्सव कालावधीपुरते’, आणि शेजारी वर्ष.

ठाणे अंमलदार हसून म्हणाला, “बाप्पा गेले गावाला, बोर्ड राहिला पाहुणा.” सगळे हसले. मला हसता आले नाही. पट्टीवरचे वर्ष मी वाचले होते. त्या वर्षी तिथल्या वाहतूक चौकीत मी होतो.

चौकीचे जुने रजिस्टर मागवले. विसर्जनानंतरच्या पानावर नोंद होती: ‘सर्व तात्पुरते फलक काढून जमा करून घेतले.’ खाली माझी सही. अकरा दिवसांच्या बंदोबस्ताने पाय सुजले होते, कोणीतरी रजिस्टर पुढे केले आणि मी न मोजता सही केली. त्या सहीखाली तीन वर्षे एका अख्ख्या गल्लीला दंड होत राहिला.

त्या पानाची प्रत काढून घेतली, ती दोन दिवस ड्रॉवरमध्ये पडून राहिली. मी उगाच गस्तीच्या निमित्ताने त्या गल्लीत जायचो आणि परत यायचो. एका सहकाऱ्याने मार्ग सुचवला. “पट्टी त्यानं काढली ना? त्याच्यावर घ्या. जुनी रजिस्टरं कोण उघडतंय?” खरे होते. कोणीच उघडले नसते. पण अधिसूचना नाही एवढ्याने भागत नव्हते, हवालदाराने खात्याचाच बोर्ड पाहून कारवाई केली होती. तो बोर्ड खात्याने काढायलाच हवा होता हे लिहिल्याशिवाय टोइंग बेकायदा ठरत नव्हते, आणि टोइंग बेकायदा ठरल्याशिवाय त्या मुलीवरचे कलम जात नव्हते. तिसऱ्या दिवशी टपालात पडताळणीचा कागद आला.

मी अहवाल लिहिला. गुन्हा वस्तुस्थितीच्या गैरसमजातून दाखल झाला, म्हणून न्यायालयाने ‘सी’ समरी मंजूर करून प्रकरण बंद करावे. कारणे लिहिली, रजिस्टरची प्रत जोडली आणि सही माझी आहे हेही नमूद केले. पर्यवेक्षकावर स्वतंत्र कारवाई केली. पडताळणीच्या कागदासोबत अहवालाची प्रत पाठवली. ती कायम झाली. माझी विभागीय चौकशी झाली आणि सेवापटात सक्त ताकिदीची नोंद आली. ती योग्यच होती.

समरी मंजूर झाल्याचे कळवायला तिला ठाण्यात बोलावले आणि सही कोणाची होती तेही मीच सांगितले. ती रागावेल असे वाटले होते. ती उठली आणि दारापाशी वळली.

“माझं झालं, साहेब. पण आमच्या गल्लीत बाकीच्यांनी भरलं त्याचं काय?”

प्रलंबित चलने रद्द झाली होती. भरलेल्या दंडाबद्दल मी वरिष्ठांना पत्र लिहिले, स्मरणपत्रे लिहिली. निवृत्त होईपर्यंत उत्तर आले नाही. वर्दीत असताना मला वाटायचे, माणसे दंड भरतात म्हणजे त्यांना चूक कबूल असते. तसे नाही. त्यांना कामावर जायचे असते म्हणून ती भरतात. या मुकाटपणावर आपण कायदा चालवतो आणि त्याला शिस्त म्हणतो. नियम मोडलात तर दंड जरूर भरा. दुसऱ्याच्या दारात, बस थांब्यावर, वळणावर गाडी लावणाऱ्याची मला दया नाही. पण भरण्याआधी अधिसूचना मागा. माहिती अधिकारात मागा, चौकीत उभे राहून मागा. समोरचा साहेब चिडला तर समजा, त्यानेही कधीतरी न मोजता सही केली आहे.