पूनमसिंगची सुटलेली म्हैस

आर्णीत लग्नाचा बँड म्हणजे प्रफुल्लचा, आणि त्या बँडात सॅक्सोफोन वाजवणार पूनमसिंग आडे. बाजा मात्र प्रफुल्लच्या मालकीचा. ही गोष्ट पूनमसिंग वाजवताना विसरायचा, प्रफुल्ल कधीच नाही.

तांड्यावर वाढलेल्या पूनमसिंगला कोणी शिकवलं नाही. तो बँडात झांज वाजवायचा. जुना सॅक्सोफोनवाला वणीला खाणीत नोकरीला लागला, बाजा गाडीत पडून राहिला, आणि यानं तो एकदा फुंकून पाहिला. एका चावीची स्प्रिंग गेली होती, तिथं रबर बांधलं. ते रबर अजून तसंच आहे. दैवी देणगी वगैरे म्हणू नये. देव त्या वेळी बहुधा मांडवात जेवायला बसला होता.

खोड एकच. कुठलंही गाणं तो दुसऱ्यांदा तसंच वाजवत नसे. मुखडा सरळ जायचा. अंतऱ्यात शिरला की तिथून कुठं बाहेर पडेल हे त्यालाही ठाऊक नसायचं, आणि वरातीत नाचणाऱ्यांचे पाय हवेत राहायचे. ढोलवाले म्हणायचे, म्हैस सुटली. नागपूरच्या एका पाहुण्यानं त्याला सांगितलं, याला जॅझ म्हणतात, जगात याचा मोठा मान आहे. पूनमसिंगनं विचारलं, तिकडे असं वाजवलं तर बँडातून काढत नाहीत का.

गावातल्या वामनरावांच्या लेकीचं, अर्पिताचं लग्न ठरलं तेव्हा प्रफुल्लनं त्याला बाजूला घेतलं.

"पूनम्या, या लग्नात म्हैस सोडली त बाजा गेला समज. पुन्हा झांज."

पूनमसिंगनं मान हलवली. वरात बसस्टँडपासून निघाली आणि तो खरोखर सरळ वाजवत राहिला, एवढा की ढोलवाल्यांना त्याची तब्येत बरी नाही असं वाटलं. मांडवाच्या कमानीशी घोडा थांबला. मागं पुऱ्या लाटायला तांड्यावरच्या बाया बसल्या होत्या. त्यात त्याची बायको मानीबाई त्याला दिसली, आणि म्हैस सुटली ती थेट ढावलोत.

ढावलो म्हणजे गोर बंजाऱ्यांच्या लग्नात नवरी सासरी निघताना आईच्या, मैत्रिणींच्या गळ्यात पडून रडत गाते ते गाणं. ते कानावर पडल्यावर दुसरीनं गप्प बसणं म्हणजे त्या पोरीला एकटं टाकणं. बायांनी लाटणी ठेवली, एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि सुरात रडू लागल्या. नवरदेव अजून घोड्यावर होता. वऱ्हाडातल्या बायकांना वाटलं कोणी गेलं. कढईतल्या पुऱ्या काळ्या झाल्या.

पूनमसिंग दम घ्यायला थांबताच प्रफुल्लनं भर रस्त्यात बाजा काढून घेतला, क्लॅरिनेटवाल्याच्या हातात दिला आणि याच्या हातात झांज. पूनमसिंगनं ती घेतली. दुपारभर झांज वाजवली. तीही जरा आडवीच.

संध्याकाळी बिदाई. क्लॅरिनेटवाल्यानं बाजावर ठरलेलं गाणं ठरल्यासारखं वाजवलं आणि कोणाला रडूच येईना. नवरी कोरडी, आई विजयमालाबाई कोरड्या. व्हिडिओवाला कॅमेरा रोखून ताटकळला. शेवटी म्हणाला, काकू, थोडं तरी रडा. वामनरावांना घाम फुटला. लेक निघाली आणि घर कोरडं राहिलं, हे सीडीत कायमचं राहणार होतं.

"प्रफुल्ल," ते हळूच म्हणाले, "त्याले दे बाजा. सकाळचं ते वाजवाले सांग."

पूनमसिंगनं ढावलो धरला. बाया आधी रडल्या, मग विजयमालाबाई, मग अर्पिता, मग वामनराव असे रडले की व्हिडिओवाल्यालाच त्यांना आवरावं लागलं. इथं थांबला असता तर सगळंच जमलं असतं. पण अंतरा आला. ढावलो वळला आणि सकाळच्या वरातीच्या गाण्यात घुसला. गाडीचा ड्रायव्हर नाचायला लागला. अर्पिता डोळे पुसता पुसता हसत सुटली आणि हसतच गाडीत बसली. सीडीत तेवढंच पाहण्यासारखं आहे.

गाडी गेली. प्रफुल्लनं हात पुढं केला. पण वाजवणाऱ्याच्या तोंडातून बाजा ओढता येत नाही, दात जायचे, आणि पूनमसिंग थांबेना. वाजवतच तो तांड्याच्या वाटेला लागला. मागं बाया, त्यांच्या मागं शिव्या देत प्रफुल्ल.

तांड्याशी मानीबाई वळून म्हणाली, "प्रफुल्लभाऊ, कायले मागं येऊन राह्यले? तो थांबला की मी देते आणून."

तो बाजा अजून मानीबाईच्या घरी आहे. वरातीला जाताना प्रफुल्ल पूनमसिंगला घरूनच घेतो, बाजासकट.