एकोणऐंशी काडतुसं

आर्विड लोकेनने भरलेली काडतुसं जगात एकाच व्यक्तीच्या रायफलीतून उडायची, आणि ती व्यक्ती म्हणजे त्याची मुलगी मारिट. बिटररूटच्या खोऱ्यात घरोघरी लोक आपली काडतुसं आपण भरतात, पण दुसऱ्याने भरलेलं कुणी बंदुकीत घालत नाही. सख्खा भाऊ असला तरी नाही. माणूस गेला की त्याची उरलेली काडतुसं मोडून आतली बंदुकीची दारू मातीत मिसळायची, असा इथला रिवाज. डब्यावर भरणाऱ्याचं नाव लिहितात. ज्याचं नाव, त्याने जबाब द्यायचा. मारिट चौदा वर्षांची असल्यापासून बापाच्या नावाचे डबे घेऊन एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला डोंगरात जायची. आता ती त्रेचाळीस वर्षांची होती. आर्विडपाशी मिरवण्यासारखं आयुष्यात एवढंच होतं, आणि तेही त्याने कधी कुणाजवळ मिरवलं नाही.

लाकडाच्या गिरणीत अडतीस वर्षं त्याने करवतींना धार लावली. केसाच्या जाडीत फरक पडला तर त्याच्या बोटांना कळायचा. त्या बोटांना दोन वर्षांपूर्वी कापरं सुटलं. कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरायची वेळ आली, पण कुणी विचारायची सोय नव्हती. डॉक्टरांनाच म्हणाला, "माझ्या हाताला घाई झालीय, दुसरं काही नाही." असा हट्टी माणूस. अशा माणसाला समजवायला जाणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं.

काडतूस उडालं की पितळेची पुंगळी ताणून जराशी लांब होते. पुन्हा भरायच्या आधी तिचं तोंड कापून बरोबर मापात आणावं लागतं. लांब राहिली तर गोळी आवळली जाते, दाब वाढतो, आणि रायफल नेम धरणाऱ्याच्याच तोंडावर उलटू शकते. हे कापायचं काम आर्विड हातांनी फिरवायच्या ट्रिमरवर करायचा. आता ते जमेना, म्हणून या हिवाळ्यात त्याने विजेवरचा ट्रिमर आणला. त्याचं बटण बाजूला होतं. एका हाताने बटण दाबायचं आणि दुसऱ्याने पुंगळी धरायची, म्हणजे थरथरणाऱ्या माणसाची पुरती पंचाईत.

आठवडाभर तो त्या यंत्रामागे हात धुवून लागला. आतली मोटार काढली आणि युनिसच्या, म्हणजे सहा वर्षांपूर्वी गेलेल्या बायकोच्या, शिलाई मशीनची मोटार बसवली, पायाच्या पेडलसकट. दोन्ही हात मोकळे झाले. मग बेअरिंगची एक कडी घासून पात्यापुढे अशी बसवली, की हाताने कितीही धक्का दिला तरी पातं मापाच्या पुढे कापणार नाही. एरवी दोन दिवसांचं काम. त्यातला स्क्रू तीनदा खाली पडला, आणि तिन्ही वेळा त्याने युनिसचं नाव घेत गुडघे टेकून तो शोधला.

यंत्र तयार झालं तेव्हा त्याने मारिटने गेल्या हंगामात परत दिलेल्या ऐंशी रिकाम्या पुंगळ्या टेबलावर ओतल्या. पहिली लावली. पातं फिरलं, पण पितळेचा कीस काही पडेना. दुसरी, तिसरी, तेच. कडी चुकली असं वाटून त्याने अर्धा दिवस ती मागेपुढे केली, स्वतःला शिव्या घातल्या. शेवटी एक पुंगळी भिंगाखाली धरली.

तोंडाच्या आतल्या कडेला तासलेलं नव्हतं. आर्विड प्रत्येक पुंगळीची ती कड स्वतः तासायचा. ही त्याची नव्हतीच. दुकानातलं काडतूस एकदाच उडवून आणलेलं होतं, म्हणून पुंगळी अजून कापण्याइतकी ताणली नव्हती, आणि काडतूस नेमकं आर्विड वापरायचा त्याच कंपनीचं होतं, म्हणजे बापाला संशय येऊ नये. त्याने सगळ्या पाहिल्या. ऐंशीत त्याची एकच निघाली. तिचं बूड चपटं झालं होतं आणि त्यावर एक चकचकीत ओरखडा होता. दाब भलताच वाढल्याची ती खूण त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्याने ती एक पुंगळी खिशात घातली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी तो मारिटच्या घरी गेला. ती बर्फ काढायच्या गाडीची पाळी संपवून नुकतीच आली होती, तव्यावर एल्कचे सॉसेज परतत होती. आर्विडने ती एक पुंगळी टेबलावर उभी करायचा प्रयत्न केला. ती आडवी पडली. मारिटने ती उभी केली आणि तिचा चेहरा उतरला.

"माझी बाकीची कुठायत?" त्याने विचारलं.

"तळघरात. एकोणऐंशी. एकही वापरलं नाही."

"काय झालं होतं?"

"रायफलीचा बोल्ट अडकला. लाकडाने ठोकून उघडावा लागला." ती शेगडीकडे वळली. "बाबा, तुला सांगणार होते."

"कधी? माझ्या मयतीला?"

"तू तरी कापऱ्याचं कधी सांगितलंस? मी विचारलं की म्हणायचास, कॉफी कडक झालीय."

"फेकून का नाही दिलीस?" तो हळूच म्हणाला.

"डब्यावर तुझं नाव होतं. हात धजेना माझा."

सॉसेज करपले. कुणी खाल्ले नाहीत. दोघं डबे घेऊन आर्विडच्या शेडमध्ये आली आणि एकेक काडतूस मोडत बसली. मारिट ठोकून गोळी काढायची, दारू डब्यात ओतायची, आणि आर्विड पुंगळी मापायचा. कॅलिपर हलायचा, म्हणून आकडा ती वाचायची. एकोणऐंशीत सहा लांब निघाल्या. सहावी मापून झाली तेव्हा आर्विडने कॅलिपर खाली ठेवला.

"बरं केलंस," तो म्हणाला. "उडवली असतीस तर मी काय तोंड दाखवलं असतं?" त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याने ते पुसले नाहीत, कारण हात वर नेणं सोपं नव्हतं.

मारिटने यंत्राला जोडलेल्या आईच्या शिलाई मशीनच्या मोटारीकडे पाहिलं. "हे काय करून ठेवलंयस?"

"बस तिथं. त्या सहांतली एक पुंगळी धर. बोटं पात्यापासून लांब."

"आणि पेडल?"

"पेडल माझं. पायाला अजून काही झालेलं नाही."

खरंच झालेलं नव्हतं. मोटार एका लयीत घुमली आणि पितळेचा बारीक कीस मारिटच्या मांडीवर पडायला लागला. ती घाईने दाबायला गेली की तो पाय उचलायचा, यंत्र थांबायचं. "रेटू नकोस, पोरी. ते आपणहून कापतं." तीनचार पुंगळ्यांनंतर त्याला पाय उचलावा लागला नाही. सहाही एका मापात आल्या.

दारू त्यांनी युनिसने लावलेल्या लायलॅकच्या झुडपाखाली बर्फात मिसळून टाकली. पुढच्या महिनाभरात मारिटने बापासमोर बसून दारू स्वतः तोलली, गोळ्या स्वतः बसवल्या, आणि पहिला डबा भरल्यावर झाकणावर लिहिलं, आर्विड आणि मारिट लोकेन.

आर्विडने पेन मागितलं.

"काय करतोयस?"

"ज्याने हातात धरलं, त्याचं नाव."

त्याने स्वतःचं नाव खोडायला घेतलं. पहिल्या खेपेला रेघ नावाला न लागता वरूनच गेली. दुसऱ्या खेपेला नाव खोडलं गेलं, पण हात थांबला नाही आणि रेघ वाकडीतिकडी होत मारिटच्या नावात शिरली.

"तुझ्या नावालाही लागली," तो म्हणाला. "दुसरं झाकण घे."

"असू दे," मारिट म्हणाली, आणि तोच डबा पिशवीत ठेवला.