गिरणीतली रांग

दोन हजार नऊ साल, मी तेव्हा एकाहत्तरचा. शिक्षण दुसरीपर्यंत, पण तोंड मोठं. न्यायाची चाड असलेली, नीट बोलणारी, मायेची माणसं गावात उरली नाहीत, असं मी रोज पारावर सांगायचो. तशी भेटली तर त्यांच्यात बसेन, नाहीतर एकटा बरा, हा माझा ताठा.

आमच्या गिरणीत रांगेत माणसं नसतात, डबे असतात. त्या दिवशी म्हाताऱ्या गोदाबाईची ज्वारीची पिशवी पहिली होती. ती पाणी प्यायला गेली, तेवढ्यात सरपंचाच्या गड्यानं पिशवी उचलून शेवटी टाकली. त्यात माझाही डबा एक जागा पुढं सरकला. मी छताकडं बघत बसलो.

बांगड्या विकणारी हौसाबाई उठली. तिनं आपल्या जागेवर गोदाबाईची पिशवी ठेवली आणि स्वतःचा डबा शेवटी नेला.

गडी म्हणाला, "एवढी दया आलीय तर घरी नेऊन दळून दे की!"

"देईन. जातं आहे माझ्या घरी."

सगळे तिला हसले. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मीही हसलो.

रात्री त्या पिठाची भाकरी ताटात तशीच ठेवून मी उठलो. मी जन्मभर शोधत होतो ते माणूस दोन हातांच्या अंतरावर उभं होतं, आणि त्यानंही सोबतीसाठी माझ्याकडंच पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हौसाबाईच्या दारात गेलो, टोपी काढली आणि म्हणालो, "गड्यानं पिशवी मागं टाकली, ते काल मीही पाहिलं होतं."